बाकभाऊ

"आवाज येतोय का?" सरांनी विचारलं.

पडद्यावर काळे चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. कॅमेरा कुणाचाच चालू नव्हता. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने एकाने अंगठ्याचं चित्र पाठवलं. तेवढ्यावर समाधान मानून सरांनी शिकवायला घेतलं.

सर विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र शिकवायचे, पण घरी बसून. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाने नोकरी करणाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढला, तेव्हा विभागातल्या बाकीच्यांनी अंग काढून घेतलं आणि हे काम सरांच्या गळ्यात पडलं. घराच्या मागच्या खोलीत टेबल, कॅमेरा आणि लिहायची काचेची पाटी अशी मांडामांड झाली. आठवड्याला तीन छोटी व्याख्यानं रेकॉर्ड करून टाकायची, एक चाचणी लावायची आणि बुधवारी संध्याकाळी सगळ्यांना समोर घेऊन शंका सोडवायच्या. शिकणारे सगळे कामाची माणसं. कुणी गोदामात, कुणी दवाखान्यात, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर. दिवसभर राबून यायचे आणि संभाव्यता शिकायला बसायचे.

पूर्वी "आवाज येतोय का?" म्हटलं की उत्तर दोनदा यायचं. आधी भिंतीपलीकडून "येतोय हो!" अशी हाक, आणि मग पडद्यावर 'मागचा बाक' या नावाखाली टाइप केलेलं, "येतोय सर."

मागचा बाक म्हणजे सरांची बायको.

त्याचं असं झालं होतं. प्रत्येक अभ्यासक्रमाबरोबर विद्यापीठ शिक्षकाला एक चाचणी खातं देतं. त्यातून विद्यार्थी म्हणून आत शिरायचं आणि चाचणी उघडते का, आवाज नीट पोचतो का, हे विद्यार्थ्याच्या बाजूने बघून घ्यायचं. सरांना एकाच वेळी दोन खोल्यांत बसता येईना, म्हणून त्यांनी बायकोला शेजारच्या खोलीत जुना लॅपटॉप देऊन बसवलं. ती दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झाली होती. तिचं अर्धं आयुष्य फोनवर "या तुम्ही, दुखणार नाही" असं सांगण्यात गेलं होतं. गणिताशी तिचं शाळेतच फाटलं होतं. खात्याला काहीतरी नाव हवं म्हटल्यावर तिने 'मागचा बाक' टाकलं. शाळेत मी तिथेच बसायचे, म्हणाली.

सुरुवातीला ती फक्त तपासायची आणि दिसेल ते पडद्यावर लिहायची. "आवाज येतोय, पण तुमचं डोकं कापलं गेलंय. कॅमेरा वर करा. अहो, वर! आता छत दिसतंय."

शंका विचारायला अभ्यासक्रमात एक चर्चेचं पान होतं. पहिल्या टर्मला ते कोरं करकरीत राहिलं. सर रोज उघडून बघायचे. सगळ्यांना सगळं कळत होतं अशातला भाग नव्हता. चाचणीचे गुण बघितले तर कुणालाच काही कळत नव्हतं. पण आधी तोंड उघडून हसं करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग एके सकाळी तिथे प्रश्न आला: 'सर, त्या x च्या डोक्यावर काठी कशाला ठेवलीय?'

सर तणतणत शेजारच्या खोलीत गेले. "अगं, हे काय? ती सरासरीची खूण आहे. घरात विचारायचं ना."

"घरात विचारलं की तुम्ही 'नंतर सांगतो' म्हणता," ती म्हणाली. "तिथे उत्तर द्यावंच लागतं तुम्हाला."

सर उत्तर लिहायला बसले. त्यांचं उत्तर लिहून होईपर्यंत त्या प्रश्नाखाली 'मलाही हेच विचारायचं होतं' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. गोदामात काम करणाऱ्या एकाने लिहिलं, 'बाकभाऊ, देवासारखे धावून आलात.' त्या दिवसापासून बायकोचं नाव बाकभाऊ पडलं. ती ते सरांना मोठ्याने वाचून दाखवायची. "आज बाकभाऊंचे वीस जणांनी आभार मानलेत. तुमचे किती जणांनी मानले?"

तिचे प्रश्न खरेच बाळबोध असायचे. त्यात कसलंही छुपं शहाणपण नव्हतं. तिला कळायचं नाही, ती विचारायची. सगळ्या चुकांची बेरीज शून्य येते म्हणता, मग चुका गेल्या कुठे? त्या दुसऱ्या x ला काठीच्या जागी टोपी का? पंच्याण्णव टक्के विश्वास म्हणता, तो कुणाचा कुणावर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला सरांना दोन दिवस लागले होते. दर टर्मला नवे विद्यार्थी यायचे, जुने प्रश्न वाचायचे, त्याखाली आपली शंका जोडायचे. पान वाढत गेलं. विभागात चर्चा व्हायची की या माणसाच्या वर्गात एवढी चर्चा होते तरी कशी.

सुट्टीत ती गेली. पोट दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेलं, आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. सही कुठे करायची ते एका बाईने बोट ठेवून दाखवलं, सरांनी केली. मुलगी येऊन राहिली, कपाट आवरून गेली, जाताना सरांच्या पाठीसाठी एक नवी उंच खुर्ची घेऊन दिली. भेटायला येणारे म्हणाले, रडून घ्या, मोकळे व्हाल. सरांची रडायला हरकत नव्हती. येत नव्हतं, एवढंच.

टर्म सुरू झाली. सरांनी जुन्या नोंदी काढल्या, नव्या खुर्चीवर बसले आणि शिकवायला लागले. पडद्यावरचा स्वतःचा चौकोन त्यांनी बंद करून टाकला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी आवाज तपासायचा प्रयत्न केला. मागच्या खोलीत "आवाज येतोय का?" म्हणाले, उठले आणि भराभर चालत शेजारच्या खोलीत जुन्या लॅपटॉपपाशी गेले. तिकडचं इकडे पोचायला काही सेकंद लागतात. त्यामुळे ते पोचले तेव्हा वाक्याचं शेपूट तेवढं हाती लागलं. पडद्यावर त्यांची पाठ दाराबाहेर जाताना दिसली, मग रिकामी खुर्ची, आणि त्यांच्याच आवाजात "...का?" एवढंच ऐकू आलं. आवाज येत होता. सर परत जाऊन बसले.

चर्चेचं पान पुन्हा थंड पडलं. जुने प्रश्न होते तिथे होते, पण नवा एकही येईना. मग विद्यापीठाच्या संगणक कक्षाकडून ईमेल आलं. ज्या खात्यांतून तीन महिने काही लिहिलं गेलेलं नाही ती महिनाअखेर काढून टाकण्यात येतील. त्या खात्यातून झालेलं लेखन आणि त्याखालची उत्तरंही काढली जातील. खाली खात्यांची नावं होती. त्यात मागचा बाक होता.

सरांनी संगणक कक्षात फोन लावला. तिथले साहेब जुने, सरांच्याच वयाचे. इतक्या वर्षांत दोघांची भेट कधी झाली नव्हती, पण फोनवर ओळख होती.

"ते खातं राहू द्या," सर म्हणाले.

"अहो, मी कोण ठेवणारा? यंत्र काढतं. त्यात शिरून एक ओळ लिहा, झालं. पुढचे तीन महिने कुणी हात लावत नाही."

"मीच लिहू?"

"तुमचंच तर चाचणी खातं आहे. कुणी लिहिलं ते यंत्राला काय कळतंय?"

ज्या प्रश्नांवर पाणी सोडायचं ते किती आहेत, हे बघायला सर त्या पानावर गेले आणि वाचत बसले. नक्कल करून घेता आली असती. ती त्यांनी तिथल्या तिथे घेतलीही. पण नक्कल त्यांच्या कपाटात राहिली असती. बायको मात्र तिथे राहिली नसती, जिथे दर टर्मला नवी माणसं येऊन म्हणायची, मलाही हेच. सरांना बाकी कशाचंच काही वाटत नव्हतं. घर विका म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती. पण हे प्रश्न तिथून जाऊ नयेत, एवढं एक वाटत होतं.

ते शेजारच्या खोलीत जाऊन जुन्या लॅपटॉपसमोर बसले आणि मागचा बाक म्हणून लिहिलं: 'सर, नमुन्याचा आकार वाढवला की अंतराल अरुंद होतो हे समजलं, पण समष्टीचं प्रमाण विचलन माहीत नसेल तर काय करावं?'

पान एकदम जागं झालं. जुन्या टर्मचे दोन-चार विद्यार्थी अजून अडकलेले होते, त्यांनी आधी ओरडा केला. गोदामवाला म्हणाला, 'बाकभाऊ आले!' दुसऱ्याने विचारलं, 'कुठे होतात? आम्हाला वाटलं पास होऊन गेलात.' आणि एका बाईने, तिने स्वतःचं नाव 'रात्रपाळी' ठेवलं होतं, लिहिलं: 'बरं वाटलं तुम्हाला बघून. आता आमचीही गाडी चालेल.'

सरांनी ते सगळं दोनदा वाचलं. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी. मग ते उठून मागच्या खोलीत गेले आणि स्वतःच्या नावाने त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. उत्तर चांगलं झालं होतं.

एका ओळीने काम भागलं होतं. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा लिहिलं. या वेळी त्यांनी घाम गाळून सोपं करायचा प्रयत्न केला: 'सर, सरासरी म्हणजे काय?'

'बाकभाऊ, बरे आहात ना?' गोदामवाल्याने विचारलं. 'मागच्या आठवड्यात तर तुम्ही सरांच्या वरताण बोलत होतात. शिकवणी लावून सोडली काय?'

तिसऱ्या खेपेला सर अर्धा दिवस विचार करत बसले. न कळणं कसं असतं ते त्यांना आठवेना. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच बसलेलं असायचं. जे लिहायला घ्यावं ते परीक्षेतल्या प्रश्नासारखं व्हायचं, पाच गुणांचं. शेवटी त्यांनी मुलीला फोन केला.

"तुझी आई काय काय विचारायची गं?"

"म्हणजे?"

सरांनी सांगितलं.

"बाबा, तुम्ही आईच्या नावाने लिहिताय?"

"खातं चालू राहावं म्हणून."

"आणि काय लिहिलंत?"

सरांनी पहिला प्रश्न वाचून दाखवला. मुलगी हसायला लागली. "अहो बाबा, समष्टीचं प्रमाण विचलन? आईने असं विचारलं असतं ना, तर मी तिला तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं."

हे बोलून झाल्यावर तिचं हसू थांबलं.

"जेवलात का?" मुलीने विचारलं.

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जे होतं ते."

तिसरा प्रश्न सरांनी तरीही लिहिलाच. तिच्या काठीच्या प्रश्नाची नक्कल मारून एका त्रिकोणाविषयी काहीतरी लिहिलं. त्यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली एका नव्या विद्यार्थ्याचं उत्तर होतं. तो कुठल्याशा कंपनीत हिशेब तपासायचा आणि तसाच लिहायचा.

'मी या खात्याचे सगळे प्रश्न पहिल्यापासून वाचले. माझ्या मते बाकभाऊ म्हणजे सरच आहेत. वर्गात कुणी बोलत नाही म्हणून स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. पहिल्यापासून. पूर्वी जास्त चांगलं जमायचं, आता कंटाळलेत.'

त्याखाली गोदामवाल्याने लिहिलं होतं, 'असेलही.' आणखी कुणीतरी: 'मला आधीपासून वाटत होतं.' रात्रपाळीने काही लिहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात सरांना माहिती गोळा करण्यावरचं व्याख्यान रेकॉर्ड करायचं होतं. वर्षानुवर्षं तेच उदाहरण ते द्यायचे. एक माणूस घरोघरी जाऊन माहिती भरायच्या कामावर आहे. ऊन लागतं, लोक दार उघडत नाहीत, म्हणून तो चहाच्या दुकानात बसून पाच-सहा घरांची उत्तरं मनानेच भरतो. नुकसान किती? विद्यार्थी म्हणायचे, पाच-सहा घरांचं. सर म्हणायचे, नाही. कुठली पाच ते तुम्हाला माहीत नाही. त्यामुळे जी घरं तो खरंच फिरला, ज्या बायांनी दारात उभं राहून त्याला खरं सांगितलं, त्यांच्यावरचाही विश्वास गेला. खोटी वेगळी काढता आली तर ठीक, नाहीतर सगळा गठ्ठा फेकावा लागतो.

सर हे कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बोलले, तेव्हा 'ज्या बायांनी'पाशी थांबले. रेकॉर्डिंग बंद केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. तिसऱ्यांदा नीट झालं. व्याख्यान चढवून ते शेजारच्या खोलीत गेले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. रडू आलं नाही. पण एक गोष्ट सरळ दिसत होती. तिचे प्रश्न राहावेत म्हणून त्यांनी तीन ओळी लिहिल्या, आणि त्या तीन ओळींनी ती कधी नव्हतीच असं झालं. प्रश्न राहिले असते, पण सरांची युक्ती म्हणून.

त्यांनी संगणक कक्षात फोन केला. "मी त्या खात्यातून लिहिलेलं काढून टाकलं तर?"

"तर ते पुन्हा झोपलेलं धरलं जाईल. महिनाअखेर जाईल."

"आणि ते खातं कोण वापरत होतं ते मी लिहून दिलं तर? म्हणजे वापरणारं माणूस वारलंय, असं."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, ते मी ऐकलं नाही. ऐकलं तर मला आजच काढावं लागेल. चाचणी खातं बाहेरच्या माणसाला देता येत नाही, आणि गेलेल्या माणसाचं तर क्षणभरही ठेवता येत नाही. तुम्ही गप्प बसा ना. तुमचं काय जातंय?"

"विचारलं आपलं," सर म्हणाले.

त्यांनी आपले तिन्ही प्रश्न काढून टाकले. त्याखालचं 'बाकभाऊ आले!' हेही त्याबरोबर गेलं. मग स्वतःच्या नावाने, ते सूचना लिहायचे त्याच जागी, लिहिलं:

'मागचा बाक म्हणजे माझी पत्नी. ती विद्यार्थिनी नव्हती. आवाज तपासायला मी तिला चाचणी खात्यावर बसवलं होतं. तिने विचारलेले प्रश्न तिला खरोखर पडलेले होते. ते मी सुचवले नाहीत. मला सुचले नसते, हे आपण पाहिलंच. ती सुट्टीत वारली. या टर्ममधले तीन प्रश्न मी तिच्या नावाने लिहिले होते, ते काढले आहेत. आता त्या खात्यात उरलेला प्रत्येक शब्द तिचा आहे. महिनाअखेर किंवा त्याआधीच खातं बंद होईल आणि ते प्रश्नही जातील. कुणाला वाचायचे असतील तर तोवर वाचावेत. पुढच्या आठवड्याची चाचणी ठरल्याप्रमाणे होईल.'

पहिलं उत्तर हिशेब तपासणाऱ्याचं आलं. 'म्हणजे तीन आठवडे आम्हाला फसवलंत. हे बरं नाही केलंत, सर.'

सरांनी लिहिलं, 'नाही केलं.'

दुसऱ्या कुणीतरी विचारलं, चाचणीत आलेख येणार का. सरांनी लिहिलं, येणार. संध्याकाळी गोदामवाल्याने लिहिलं: 'मी त्यांना इतकी वर्षं भाऊ म्हणत होतो. काय म्हणत असतील हो त्या?'

'तिला आवडायचं,' सरांनी लिहिलं. 'वाचून दाखवायची.'

त्यापुढे कुणी काही लिहिलं नाही. पण प्रत्येक प्रश्नापाशी तो किती जणांनी उघडला त्याचा आकडा असतो. तो दिवसभर वाढत होता. काठीचा वाढला, टोपीचा वाढला. सर अधूनमधून जाऊन बघायचे, जसं एखाद्याने बाहेर कपडे वाळले का बघावं तसं.

दोन दिवसांनी संगणक कक्षातून साहेबांचाच फोन आला. "असं चारचौघांत लिहायचं असतं का हो? वरपर्यंत गेलं. विभागप्रमुख मॅडमनी मला विचारलं, यादीत नसलेलं माणूस आत आलंच कसं."

"मग?"

"मग काय, मंगळवारी काढतोय. मला काही करता येत नाही."

"माहीत आहे. नक्कल घेतलीय मी."

साहेब लगेच फोन ठेवेनात. "मी ओळखायचो हो त्या मागच्या बाकाला," ते म्हणाले. "चाचणीचं पान उघडलं नाही की तक्रार यायची आमच्याकडे. बाकीचे लिहितात, त्वरित कार्यवाही करावी. हा लिहायचा, 'जरा बघता का? दुखणार नाही.' मला वाटायचं, कोण हा येडा? बाई होत्या होय."

"दातांच्या दवाखान्यात होती ती," सर म्हणाले.

मंगळवारी दुपारी सरांनी पान उघडलं तेव्हा प्रश्न होते. चहा करून आले तेव्हा नव्हते. रिकामी जागाही राहिली नव्हती. खालचं वर सरकून आलं होतं आणि पान नीटनेटकं दिसत होतं. सरांनी चहा प्यायला, कप विसळला आणि उद्याची तयारी करायला घेतली.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता ते उंच खुर्चीवर बसले आणि कॅमेरा सुरू केला. काळे चौकोन एक एक करून उघडले. नेहमीपेक्षा जास्त होते.

"आवाज येतोय का?"

कुणी बोललं नाही. सर भिंतीकडे बघत नव्हते, पण मान थोडी तिकडे वळली होती ती तशीच राहिली. अंगठ्याच्या चित्राची वाट बघून ते बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात एका चौकोनातून खरखर आली. मागे कुठेतरी चाकांची गाडी सरकवल्याचा आवाज होता, आणि कुणीतरी कुणाला तरी पडदा ओढायला सांगत होतं.

"येतोय, सर," एक बाई म्हणाली. "मी रात्रपाळी. कामावर आलेय जरा लवकर, इथूनच बोलते."

"बोला."

"सर, रागावणार नाही ना? एक कधीचं सांगायचं होतं. तुमचं डोकं दिसत नाही."

सरांना काही कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे गळ्यापासून खाली दिसता. वर कापलं गेलंय."

"कधीपासून?"

ती घुटमळली. उत्तर गोदामवाल्याच्या चौकोनातून आलं. "टर्म सुरू झाल्यापासून, सर. सगळ्या व्हिडिओत तसंच आहे. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दामच... पाटीकडे लक्ष राहावं म्हणून."

"आणि तुम्ही कुणीच बोलला नाहीत?"

"दरवेळी बाकभाऊ सांगायचे ना," गोदामवाला म्हणाला. मग पटकन म्हणाला, "सांगायच्या."

सरांनी कॅमेऱ्याला हात घातला. "आता?"

"थोडा वर घ्या. अजून. नाही, आता छत आलं."

"आता?"

"आता नाकापर्यंत."

"वर घेतोय. आता?"

"आता दिसताय, सर," रात्रपाळी म्हणाली. ती सगळी माणसं या टर्ममध्ये पहिल्यांदाच आपला चेहरा बघताहेत हे सरांच्या लक्षात आलं. दाढी दोन दिवसांची होती. शर्टाची कॉलर एका बाजूने आत गेली असणार. ती त्यांनी चाचपून बाहेर काढली.

"बरं," सर म्हणाले. "काही शंका?"

हे ते दर बुधवारी म्हणायचे, आणि मनात चार मोजून पुढे जायचे. या वेळी ते थांबले. चाकांची गाडी पुन्हा सरकली.

"सर, माझी एक आहे," रात्रपाळी म्हणाली. "अगदीच बावळट आहे हं. तुम्ही म्हणता, नमुना असा घ्यायचा की प्रत्येकाला सारखी संधी मिळेल. पण आमच्या वॉर्डात जे येतात ते आजारीच येतात. बरं असलेलं माणूस मला दिसतच नाही. मग मला सगळं जगच आजारी वाटायला लागलंय. ही चूक कुठल्या सूत्रात बसवायची?"

खाली एकाने टाइप केलं, 'मलाही हेच.' पाठोपाठ दुसऱ्याने. हिशेब तपासणाऱ्याचंही नाव त्यात होतं.

सरांपाशी उत्तर होतं. त्याला नाव होतं, पुस्तकात दीड पान होतं. पण त्या दीड पानात रात्रपाळीने विचारलेलं नव्हतं. नंतर सांगतो, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"थांबा जरा," सर म्हणाले. "विचार करू द्या मला. आणि डोकं दिसतंय ना अजून?"

"दिसतंय, सर."

सरांनी पेन उचललं.